एकाच घाटाची वाट

वऱ्हाडात कोणी ‘लाईन गेली’ म्हटले की वीज गेली असे समजायचे, हा संकेत इतका रुळलेला आहे की त्याचा खुलासा करण्याची पाळी आजवर कोणावर आली नव्हती. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्या चिखलदऱ्यात या दोन शब्दांनी एक नवाच घोटाळा उत्पन्न केला आहे. शेजारच्या घरातून हाक येते, ‘काकाजी, लाईन गेली काय तुमची?’ आणि मी वर जळणाऱ्या दिव्याकडे पाहून ‘नाही, आहे की’ असे उत्तर देतो न देतो तोच पलीकडून दुरुस्ती होते, ‘ते नाही हो, नेटची!’ मग मी चष्मा चढवून कोपऱ्यातल्या फळीवर ठेवलेल्या पुस्तकाएवढ्या पांढऱ्या पेटीपाशी जातो. तिच्यावरील हिरव्या दिव्यांपैकी एक मावळलेला असतो आणि त्याच्या शेजारी एरवी निद्रिस्त असणारा एक बारीक लाल दिवा उघडझाप करीत असतो. त्याच्याखाली एल, ओ, एस अशी तीन इंग्रजी अक्षरे असून त्यांचा मतलब एवढाच, की घाटाखालच्या परतवाड्याकडून यावयाचा प्रकाश आलेला नाही.

समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचीवर, सातपुड्याच्या गाविलगड रांगेच्या माथ्यावर वसलेले, जेमतेम पाच हजार वस्तीचे हे नगरपरिषदेचे गाव. कीचकवधाची आख्यायिका, भीमकुंड, कॉफीचे मळे आणि विदर्भातील एकुलते एक थंड हवेचे ठिकाण हा लौकिक, एवढा परिचय वाचकांना बहुधा असतोच, म्हणून तो येथे लांबवीत नाही. प्रस्तुत विषयापुरती या गावाची दोनच लक्षणे ध्यानात घ्यावयाची: एक येथील पाऊस, जो खालच्या मैदानापेक्षा कितीतरी अधिक पडतो आणि आषाढात सुरू झाला म्हणजे आठ-आठ दिवस सूर्य दाखवीत नाही; आणि दुसरे, येथे पोचण्याच्या वाटा. माणसांसाठी त्या दोन-तीन आहेत. धामणगाव गढीवरून येता येते, घटांगवरून येता येते, सेमाडोहच्या बाजूनेही वर चढता येते. आमच्या घरात नेट आणणारी काचेची तार मात्र एकाच घाटाने येते, आणि पुढील सगळी कहाणी त्या एका गोष्टीतून निघाली आहे, असे आता माझे मत झाले आहे.

हे मत होण्यास वेळ लागला. प्रारंभी माझाही समज इतरांसारखाच होता, की स्थानिक नेटवाला, ज्याचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही, हा मुळातच बेफिकीर इसम असून महिन्याच्या पहिल्या तारखेला पैशांचा तगादा लावण्यापलीकडे त्याला कशाचेही सोयरसुतक नाही. तेव्हा मी एक रोजनामा ठेवण्यास सुरुवात केली. शंभर पानी वही, डावीकडे दिनांक, मध्ये सेवा केव्हा गेली व केव्हा आली त्या वेळा, आणि उजवीकडे त्याने सांगितलेले कारण. हेतू असा की पुराव्याचे दप्तर भक्कम झाले म्हणजे कोठेतरी दाद मागावी. परंतु दोन पावसाळे ही वही लिहिल्यावर असे दिसून आले की उजवीकडच्या रकान्यात खोटी कारणे फार थोडी आहेत, आणि खऱ्या कारणांपैकी बहुतेक एकाच वळणावर येऊन थांबतात.

ही सेवा घरापर्यंत येते कशी, ते आधी पाहू. देशभर किंवा राज्यभर जाळे पसरलेल्या मोठ्या कंपनीकडून आपला नेटवाला ठोक भावाने क्षमता विकत घेतो, जशी किराणा दुकानदाराने अडत्याकडून पोती उचलावीत. सरकार इंटरनेट पुरवठ्याचे परवाने तीन वर्गांत देते: संपूर्ण देशापुरता, एका राज्याच्या मंडळापुरता, आणि तिसरा ढोबळमानाने एका जिल्ह्याएवढ्या क्षेत्रापुरता. गावोगावचे पुरवठादार पुष्कळदा या तिसऱ्या वर्गातले असतात, किंवा परवाना दुसऱ्याचा आणि काम यांचे, अशा मक्त्याच्या व्यवहाराने बांधलेले असतात. घेतलेली क्षमता काचेच्या तारेने गावात आणायची, तेथे एका यंत्रात घालायची आणि त्या यंत्रातून निघालेल्या एका तंतूचे फाटे पाडून तो बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटायचा, असा हा कारभार आहे.

त्या तंतूविषयी थोडे सांगितलेच पाहिजे, कारण मानवाच्या हस्तकौशल्याचा इतका नाजूक नमुना इतक्या रांगड्या परिस्थितीत टांगला गेल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. बाहेरून काळ्या रबरी दोरीसारख्या दिसणाऱ्या त्या केबलीच्या पोटात जी काच असते तिची जाडी एक मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाइतकी. आणि प्रकाश ज्या गाभ्यातून धावतो तो त्याहूनही बारीक, नऊ मायक्रॉनच्या घरातला, म्हणजे डोक्यावरील केसाच्या जाडीत असे पाच-सहा गाभे सहज शेजारी शेजारी मावतील. त्या गाभ्यातून दोन अदृश्य रंगांचा प्रकाश एकाच वेळी परस्परविरुद्ध दिशांनी जातो; एक आपल्याकडे मजकूर आणतो, दुसरा आपला मजकूर घेऊन जातो. प्रत्येक फाट्यावर प्रकाश विभागला जातो, तेव्हा बत्तीस फाटे पडल्यावर आपल्या वाट्याला मूळ तेजाचा तिसाव्या हिश्शाहूनही कमी भाग येतो. एवढ्याशा तेजावर आपला सगळा संसार चालावयाचा असल्याने तार कोठे जास्त वाकली, एखाद्या जोडात ओल शिरली, किंवा खिडकीच्या फटीत ती चेपली गेली, तरी प्रकाश वाटेतच सांडतो. तार तुटलेली नसते, परंतु लाल दिवा लागतो. उन्हाळ्यात नीट चालणारी जोडणी पहिल्या पावसाच्या झडीतच का रुसते, याचे एक उत्तर हे आहे.

तुटण्याची कारणे निराळी. रस्ता रुंद करणारे जेसीबी हे त्यांतले प्रमुख. घाटात दरड कोसळली की ती उपसावयास तेच यंत्र येते, आणि दरडीबरोबर कडेला पुरलेली केबलही उपसून काढते. पुरलेली नसून खांबावर टांगलेली असेल तर वाऱ्याने पडलेले झाड ते काम करते. शिवाय वानरे आहेत. चिखलदऱ्यातील वानरांना खांबावरच्या केबली ही आपल्या सोयीसाठी बांधलेली वहिवाटीची वाट वाटते, आणि त्या वाटेवर बसून ती तिची साल चघळतात. हे केवळ आमचेच दुर्दैव नव्हे. २०१५ साली वाराणसीतही घाटांवरच्या माकडांनी तेथील नव्या केबली कुरतडल्याच्या बातम्या जगभर छापून आल्या होत्या. तेथे निदान देवळे तरी आहेत, येथे प्रसादाला केबलच मिळते.

जोड देण्याचे काम मी एकदा जवळून पाहिले. घाटातल्या एका वळणावर मोटारसायकल आडवी लावून दोन पोरे बसली होती. एकाने डोक्यावर प्लास्टिकचा कागद धरलेला, दुसरा मांडीवर डब्याएवढे यंत्र घेऊन त्यात काचेची दोन टोके समोरासमोर आणीत होता. त्या यंत्राच्या लहानशा पडद्यावर ती टोके लाकडी ओंडक्यांएवढी दिसत होती. क्षणभर निळसर ठिणगी उडाली आणि दोन काचा वितळून एक झाल्या. पण टोके कापताना धुळीचा एक कण किंवा पावसाचा एक थेंब मध्ये आला तर सगळे पुन्हा करावे लागते, आणि केबलीत असे बारा किंवा चोवीस तंतू असतात. मी विचारले तेव्हा तो पोऱ्या मान वर न करता म्हणाला, ‘होऊन जाईन काकाजी, पाऊस थांबून नाही रायला ना.’ त्या दिवसापासून रोजनाम्याच्या उजव्या रकान्यातील माझी भाषा काहीशी सौम्य झाली.

आता बहुतेक कारणे जेथे येऊन थांबतात त्या वळणाकडे येतो. इंटरनेट या कल्पनेचे एक मूळ, १९६४ साली पॉल बॅरन या अमेरिकन अभियंत्याने मांडलेल्या विचारात आहे. युद्धात एखादे केंद्र उद्ध्वस्त झाले तरी संदेशवहन चालू राहावे, म्हणून प्रत्येक ठिकाण अनेक ठिकाणांना जोडावे आणि संदेशाचे तुकडे ज्या वाटेने मोकळीक मिळेल त्या वाटेने पाठवावेत, असे त्याचे प्रतिपादन होते. म्हणजे या शास्त्राच्या मुळाशीच दुसरी वाट आहे. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ समुद्राच्या तळाच्या केबली तुटल्या तेव्हा भारतातील इंटरनेट मंदावले, कंपन्यांचा खोळंबा झाला, परंतु ते बंद पडले नाही, कारण वाहतूक पूर्वेकडून वळसा घालून येऊ शकली. समुद्र ओलांडताना ज्या मजकुराला चार वाटा असतात त्याला परतवाड्यापासून वर येताना एकच वाट असावी, ही या जाळ्याच्या शेवटच्या टोकाची शोकांतिका आहे. आणि जी तक्रार आपण नेटवाल्याच्या नावाने करतो ती वास्तविक त्या शेवटच्या तीस-एक किलोमीटरांबद्दलची तक्रार असते.

येथे मला आमच्या गावाजवळच्या गाविलगडाची आठवण होते. १८०३ साली आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, या किल्ल्यावर चालून आला तेव्हा दक्षिणेकडील उभा कडा पाहून त्याने तेथे केवळ हूल दाखविली आणि कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेला डोंगरांतून लांबचा वळसा घालून, स्वतः रस्ता तयार करीत, तोफा ओढीत उत्तरेच्या बाजूस पाठविले. १५ डिसेंबर रोजी किल्ला पडला तो त्या दुसऱ्या वाटेमुळे. भोसल्यांच्या किल्लेदाराला जी गोष्ट भोवली तिचाच आज आम्हांस तोटा आहे, असा हा इतिहासाचा विनोद म्हणावयाचा.

कोणी विचारील, मोबाईल आहे ना? ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर फारसे सुखाचे नाही. मोबाईलचा मनोरा हवेतून आपल्या हातातील यंत्राशी बोलतो खरा, पण त्या मनोऱ्याला गावाबाहेरच्या जगाशी बोलण्यासाठी पुन्हा काचेची तार किंवा डोंगरमाथ्यावरून दुसऱ्या मनोऱ्याकडे रोखलेली रेडिओ-शलाका लागते. अनेकदा असे होते की निरनिराळ्या नावांच्या दोन-तीन सेवांच्या तारा एकाच चरातून, किंवा एकाच खांबावरून येत असतात. कागदावर त्या तीन असतात, जेसीबीच्या दातांना एकच. म्हणून घरचे नेट गेले की पुष्कळदा त्याच मिनिटाला मोबाईलवरही गोल चक्र फिरू लागते, आणि हॉटेलच्या गल्ल्यावर रांग थांबते. शनिवारी रात्री हा प्रसंग विशेष प्रेक्षणीय असतो. पावसाळ्यातील शनिवारी अमरावती, अकोला, नागपूरकडून आलेल्या पाहुण्यांनी गाव भरलेले असते. एवढ्या लोकांची छायाचित्रे त्याच एका तारेतून खाली उतरावयाची असल्याने सेवा चालू असली तरी गोगलगायीच्या गतीने चालते, आणि बंद पडली तर मक्याचे कणीस विकणाऱ्या बाईपुढे पाच जण हात जोडून उभे असतात, कारण खिशात कोणाच्याही वीस रुपये नसतात. मक्याच्या गाडीवाल्या बाईने यावर आपला उपाय शोधला आहे: एका वहीत ती गाडीचा नंबर लिहून घेते.

हे झाले हौशी माणसांचे. खाली मेळघाटच्या गावांत प्रश्न पोटाचा आहे. रास्त भाव दुकानातले ई-पॉस यंत्र अंगठा ओळखण्यासाठी जाळे मागते. रोजगार हमीच्या कामावरील मजुरांची हजेरी जानेवारी २०२३ पासून मोबाईलवर, दिवसातून दोनदा, छायाचित्रासह घेणे सक्तीचे झाले. कोरोनाच्या काळात शाळाही त्याच यंत्रात गेली होती. ‘रेंज’ हा इंग्रजी शब्द कोरकू बोलणाऱ्या पाड्यांतूनही आता ओळखीचा झाला आहे, आणि अमुक टेकडीवर, अमुक झाडाखाली रेंज येते, ही माहिती पाणवठ्याच्या माहितीइतकी मोलाची ठरली आहे.

याच मेळघाटात, परतवाडा–धारणी रस्त्यावर, हरिसाल नावाचे गाव आहे. २०१६ च्या सुमारास महाराष्ट्र शासनाने मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या सहकार्याने त्याला देशातील पहिले डिजिटल गाव करण्याचा संकल्प सोडला. दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणासाठी राखून ठेवलेल्या, परंतु येथे रिकाम्या पडलेल्या लहरींच्या पट्ट्या वापरून इंटरनेट पोचविण्याच्या तंत्राचा त्या वेळी मोठा बोलबाला झाला. हे तंत्र समजण्यास अवघड नाही. घरातील वाय-फायच्या लहरी आखूड असतात, त्या सागाच्या ओल्या पानांत शोषल्या जातात. दूरचित्रवाणीच्या लहरी त्यांहून पुष्कळ लांब असल्याने झाडी आणि टेकाडे यांना वळसा घालून दूर जाऊ शकतात. आयआयटी मुंबईच्या प्राध्यापकांनी पालघर जिल्ह्यातील काही खेड्यांत याच तत्त्वाचा प्रयोग आधीच केला होता. हरिसालला दूरस्थ वैद्यकीय सल्ला, डिजिटल वर्ग, रोकडविरहित व्यवहार असे पुष्कळ काही सुरू झाल्याचे जाहीर झाले. आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांनी आपल्या सभांतून त्याच गावाच्या दुरवस्थेची चित्रफीत पडद्यावर दाखविली, सत्ताधाऱ्यांनी तिचे खंडन केले, आणि महिनाभर हरिसाल महाराष्ट्राच्या तोंडी होते. त्या वादात कोण किती खरा, हा राजकारणाचा विषय मी राजकारण्यांवर सोडतो. मला त्यात दिसते ते एवढे, की उद्घाटनाच्या दिवशी सेवा चालू होती की नाही यावर सारे भांडले, ती पुढच्या श्रावणात किती दिवस चालू होती याची वही कोणाजवळ नव्हती.

सेवेच्या मोजमापातला दोष येथेच आहे. जाहिरात वेगाची असते: शंभर मेगाबिट, दोनशे मेगाबिट. सरकारी व्याख्येतही वेगच आहे; जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा सेकंदाला दोन मेगाबिट ठरविण्यात आली, त्यापूर्वी ती ५१२ किलोबिट होती. भरवसा मोजायचा तर हिशेब निराळा मांडावा लागतो. शंभरांपैकी नव्याण्णव वेळा चालणारी सेवा ऐकण्यास उत्तम वाटते, पण वर्षाचे ८७ तास ती बंद असते. पंचाण्णव वेळा चालणारी असेल तर अठरा दिवसांहून अधिक. आणि ते अठरा दिवस वर्षभर सारखे वाटलेले नसतात, ते पावसाळ्यात एकत्र येतात.

कायदा ग्राहकाच्या बाजूने अगदीच मुका आहे असे नव्हे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००६ साली ब्रॉडबँडच्या दर्जाचे विनियम काढले त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक बिघाड पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत आणि नव्याण्णव टक्के कामाच्या तीन दिवसांत दुरुस्त व्हावेत असा दंडक घातला; दुरुस्ती लांबल्यास सात दिवस, पंधरा दिवस अथवा महिन्याभराचे भाडे सोडण्याची तरतूदही केली. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांच्या जागी नवे एकत्रित विनियम आले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून लागू झाले. तक्रार केली की तिचा क्रमांक मिळाला पाहिजे, आणि समाधान न झाल्यास अपील करता आले पाहिजे, हे २०१२ पासूनचे आहे. शिवाय फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचार कंपन्यांविरुद्धही ग्राहक आयोगाकडे जाता येते, असा निर्वाळा दिला. तेव्हा वाचकांस माझी एवढीच सूचना, की फोनवर ‘पाहतो साहेब’ हे उत्तर घेऊन थांबू नये, क्रमांक मागावा आणि तो लिहून ठेवावा. मी मागितला तेव्हा पलीकडचा मुलगा थोडा वेळ स्तब्ध राहिला, आणि मग त्याने मला स्वतःचाच मोबाईल क्रमांक दिला.

परंतु नियमाने दंड करता येतो, दुसरी तार आणता येत नाही. पुरवठादाराच्या बाजूने विचार करावा तर पाच हजार वस्तीच्या गावातून त्याला मिळणारी वर्गणी ती केवढी, आणि त्यातून दुसऱ्या घाटाने नवी तार आणायची म्हणजे किती खांब, किती चर, किती कचेऱ्यांचे परवाने! १९७३-७४ साली देशात व्याघ्र प्रकल्पांची जी पहिली नऊ क्षेत्रे ठरली त्यांपैकी मेळघाट एक. त्या जंगलात चर खणण्यापूर्वी विचारावे लागते, आणि विचारावे लागलेच पाहिजे, असे मला वाटते. खासगी व्यापाराला जे परवडत नाही ते सरकारने करावे याच हेतूने २०११ साली ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार नेण्याची योजना मंजूर झाली, जिला पुढे भारतनेट हे नाव मिळाले. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित रूपासाठी १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले, आणि त्यात पंचायतींना एकाच टोकाने न जोडता वर्तुळाकार जोडण्याचा विचार आहे. वर्तुळ म्हणजे एका बाजूने तुटले तर दुसऱ्या बाजूने येणे. पॉल बॅरनचा विचार साठ वर्षांनी खेड्याकडे निघाला आहे. तो घाट चढून वर येईपर्यंत आम्हांला आमच्या युक्त्या चालवाव्या लागतील.

त्या युक्त्या साध्या आहेत. पांढऱ्या पेटीला बारा व्होल्टची लहान बॅटरी जोडली म्हणजे वीज गेली तरी प्रकाश घरात येत राहतो. मात्र नेटवाल्याच्या खोलीतले यंत्रही बॅटरीवर असावे लागते, म्हणून वर्गणी भरण्यापूर्वी तेथे जाऊन ती बॅटरी एकदा डोळ्यांनी पाहून यावी. वीज-बिल, परीक्षेचा अर्ज, तिकीट, जे काही मुदतीचे असेल ते शेवटच्या दिवसावर ठेवू नये. आवश्यक कागद यंत्रात उतरवून ठेवावेत, डब्यात थोडी रोकड असावी, आणि पुण्यात किंवा अमेरिकेत असलेल्या मुलांना आधीच सांगून ठेवावे, की दोन दिवस आमचा चेहरा दिसला नाही तर घाबरू नका, घाटात पाऊस आहे असे समजा.

गेल्या आठवड्यात लाल दिवा लागला तो तिसऱ्या दिवशीही विझेना, तेव्हा तोच जोड देणारा पोऱ्या घरी आला. तार तपासली, पेटी उलटीपालटी केली, आणि चहा घेता घेता त्याची नजर माझ्या रोजनाम्यावर पडली. त्याने पाने चाळली, एका रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, ‘काकाजी, हे तर मोथ्याकडचं वळण हाय, चार वेळा तिथंच. आमच्याकडं हे काईच लिहून नाही.’ मग मोठ्या उत्साहाने त्याने मोबाईल काढून चार पानांची छायाचित्रे घेतली आणि मालकाला पाठविण्यासाठी बटण दाबले. आम्ही दोघेही पडद्याकडे पाहत राहिलो. चक्र बराच वेळ फिरत होते.